कापगतेजींची बॅटरी

यष्टीच्या गर्दीत मांडीवर मोटारीची बॅटरी घेऊन बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी कापगतेजी. जवाहरनगरच्या क्वार्टरांत त्यांची-माझी भिंत एक होती, त्यामुळे त्यांच्या साऱ्या तऱ्हा मला पाठ.

त्यांनी कुठूनशी एक म्हातारी मोटार घेतली होती. चालवण्यापेक्षा पुसण्यातच त्यांचा वेळ जाई. दरवर्षी रोवणीला, म्हणजे भातलावणीला, ते पंधरा दिवस एकोडीला आपल्या घरी जात. पावसात तिकडच्या चिखलात मोटार नेण्याची सोय नव्हती आणि इथे उभी ठेवली तर बॅटरी उतरणार. म्हणून कापगतेजी बॅटरीच काढून सोबत नेत.

"उभ्या गाडीत करंट झिरपते, भाऊ," ते मला समजावत. "थेंब थेंब!"

"अहो, मग नुसती तार काढून ठेवा. बॅटरी कशाला नेता?"

"अन् तिले एकटी इथं ठेवू? तुमी शिकले-सवरले लोकं, पुस्तकातलं बोलता."

कंडक्टर दरवर्षी हुज्जत घाली. कापगतेजींच्या प्रत्येक पँटला मांडीवर अॅसिडची भोकं होती. गंमत म्हणजे इतकी जपून नेलेली बॅटरी परत येई ती ठार उतरलेली. विचारलं तर गंभीरपणे सांगत, "प्रवास सोसत नाही तिले." आम्ही पोट धरून हसायचो.

ते मात्र त्या मोटारीवर कधी हसले नाहीत. वहिनी गावी, लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी अडकलेल्या. रविवारी सकाळच्या यष्टीने जायचं, दुपारच्या यष्टीने परतायचं, एवढाच यांचा संसार. कधी ना कधी वहिनींना त्या मोटारीत बसवून क्वार्टरवर आणायचं, हे एकच त्यांच्या डोक्यात होतं. "त्या दिवशी सेल्फ मारला अन् गाडी बोललीच नाही तं?" असं ते मला दहादा विचारत.

एका वर्षी रोवणी पाहायला म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. यष्टीतून उतरल्यावर बॅटरी आम्ही आळीपाळीने वाहिली आणि माझीही एक पँट कामी आली.

घरात वीज नव्हती. दिवेलागणीला कापगतेजींनी चुलीजवळच्या खुंटीला मोटारीचा एक लहानसा बल्ब टांगला आणि त्याच्या दोन तारा बॅटरीला जोडल्या. लख्ख उजेड पडला. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा हा माणूस इथे पंधरा दिवस बॅटरी अशी उधळत होता! मी बघतच राहिलो.

वहिनी भाकरी थापत होत्या. "चुलीकडं फिरवा नं तो बल्ब," त्या संकोचून म्हणाल्या. "माह्या तोंडावर काहून मारून राह्यले? पाव्हणे बसले हायेत."

कापगतेजी जागचे हलले नाहीत. नेहमीचा तोरा कुठल्या कुठे गेला होता.

"रविवारी उभ्या उभ्या पाह्यतो तुले," ते हळूच म्हणाले. "हे पंधरा दिसच तं बसून पाहाले भेटते. तेही कंदिलात पाहू का?"

मला आमच्या इतक्या वर्षांच्या हसण्याची लाज वाटली.

पिठाच्या हातानेच वहिनींनी कपाळावर आलेला पदर जरासा मागे सारला.