पाळण्यामागची भिंत

मोटरचं बटण दाबलं की पाळण्यामागची भिंत गुरगुरायची. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर, मग धाड्‌ धाड्‌ धाड्‌, जणू आतून कुणी दार ठोठावतंय. सुकेशनी दरवेळी सात महिन्यांच्या धम्मदीपाला उचलून छातीशी घट्ट धरायची. धम्मदीपा मात्र आईच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत खुदकन हसायची. घरात न घाबरणारं तेवढं एकच माणूस होतं.

चार दिवस हे चाललं होतं. अंगणातलं टाकं नळाच्या पाण्यानं भरायचं, तिथून मोटर पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायची, आणि चढवणारा पाइप नेमका ह्या भिंतीतून जायचा. एवढा दणदणाट होऊनही टाकी रिकामीच. स्वयंपाकघरातल्या नळाला धार यायची ती सुईत ओवता येईल एवढी.

"भीत फुटते पाहा एक दिवस," सासूबाई लिलाबाई म्हणाल्या. "पाळणा हालव वं तिकडे."

"कुठी हालवू आई? दुसऱ्या खोलीत पंखा नाई."

सासरे दौलतराव आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं विहिरींत औषधाची पावडर टाकत गावोगाव हिंडले होते. पाण्याचा विषय निघाला की अजूनही त्यांचा आवाज सभेतला व्हायचा. "भेऊ नोका," ते म्हणाले. "मिस्त्री बोलावला म्या."

बादल मिस्त्री सकाळीच आला. डॉक्टर छाती तपासतो तसा त्यानं भिंतीला कान लावला, मोटर चालू-बंद केली आणि मान हलवली.

"काका, पाण्याचा रस्ता कुठीतरी अडला. कोणी फडकं-बिडकं त नाई बांधलं पाइपाले? मांगच्या हप्त्यात एका घरी अख्खा पायजमा निंगला."

"आमच्या घरी?" दौलतराव ताडकन उठले. "अरे, जिंदगीभर लोकायले हेच सांगत हिंडलो म्या! असा अडाणीपणा इथं चालत नाई. सून बीएस्सी हाय माही!"

बीएस्सी सुनेनं नजर पाळण्याकडे वळवली.

पाचच दिवसांपूर्वीची गोष्ट. धम्मदीपाचं पोट बिघडलं होतं. मालेगावच्या डॉक्टरांनी "पाण्याकडे लक्ष ठेवा" एवढंच सांगितलं आणि त्याच दिवशी नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. घरात पाणी उकळलं जात होतंच, पण तिचं मन भरेना. सगळे जेवायला बसले असताना ती गच्चीवर गेली आणि टाकीत पाणी पडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला लेकीचा मऊ सुती लंगोट दुहेरी घडी करून नाडीनं आवळून आली. त्या दिवशी तिला किती शांत झोप लागली होती!

"मंग भीतच फोडा लागते," बादल म्हणाला. त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि पाळण्याच्या बरोबर वर खडूनं फुली मारली.

बोलावं तर अडाणी ठरते, न बोलावं तर भिंत जाते. सुकेशनी पटकन पुढे झाली.

"दादा, थांबा जरा. गच्चीवर कपडे हायेत, धूळ बसन त्यायच्यावर," असं म्हणून तिनं लेकीला सासूबाईंच्या कडेवर दिलं आणि जिना चढली. लिलाबाईही नातीला घेऊन का कोण जाणे लगबगीनं अंगणात टाक्याकडे निघाल्या, दौलतराव मोटरभोवती उगाच घुटमळायला लागले. पण ते बघायला सुकेशनीचं चित्त होतं कुठे?

टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. नाडीची गाठ भिजून फुगलेली. दोन नखं तुटली तेव्हा कुठे लंगोट सुटला. तो पिळून तिनं कमरेला खोचला. गार पाण्याचा ओघळ थेट घोट्यापर्यंत आला.

खाली येऊन तिनं लिलाबाईंच्या कडेवरून लेकीला घेतलं. "दादा, एकडाव मोटर लावून पाहा ना."

बटण दाबलं. तिनं डोळे मिटले. क्षणभर शांतता. आणि मग धाड्‌ धाड्‌ धाड्‌! पहिल्यापेक्षा जोरात.

तिनं डोळे उघडून भिंतीकडे पाहिलं. आतापर्यंत निदान कारण माहीत होतं. लंगोट तर कमरेला होता. मग भिंतीत काय होतं? आपणच काहीतरी फोडून ठेवलं का आत? बादलनं हातोडी उचलली.

"थांबा!" सुकेशनी ओरडली. "माह्यामुळंच झालं! टाकीत म्या बांधलं व्हतं!" आणि सगळ्यांसमोर तिनं ओला लंगोट काढून धरला. "पोरीचं पोट बिघडलं व्हतं बाबा... मले काही सुचलंच नाई."

ती मान खाली घालून 'अडाणी' ह्या एका शब्दाची वाट बघत राहिली.

"वर तुनं बांधलं?" लिलाबाईंचा आवाज आला. "मले काय मालूम! म्या त खाली बांधलं, टाक्यात, नळाच्या तोंडाले. आताच सोडत व्हती, पण कडेवर पोरगी, एका हातानं गाठ सुटते का?"

बादलनं टाक्यात वाकून हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला. "पण याच्यानं इतका आवाज येत नाई काकू." त्यानं टाक्यातलं पाणी ओढणारा मोटरचा पाइप वर खेचला. त्याच्या टोकाला सुतळीचे पाच वेढे घालून एक पांढरं बाहीचं बनियन बांधलेलं होतं. अर्धं बाहेर, अर्धं पाइपात ओढलं गेलेलं. सुकेशनीचा नवरा कामरगावला नोकरीवर. घरात बाहीचं बनियन घालणारा माणूस एकच.

दौलतराव आभाळाकडे बघत होते.

"नात हाय माही," ते म्हणाले. आवाज सभेतला नव्हता. "भेव वाटते ना बापा."

"काका, गाळा, पण भांड्यात गाळा," बादल म्हणाला. "पाण्याले दम घ्याले तरी जागा ठेवा!"

पुन्हा मोटर लागली. भिंतीतून पाळण्याशी कुणी गुणगुणावं तसा हलका आवाज आला आणि गच्चीवर पाणी धो धो पडायला लागलं.

तेवढ्यात शेजारच्या हिरीबाईंनी कुंपणावरून मान काढली. "दौलतभाऊ, काय निंगलं जी पाइपातून? चार दिवस आमची भीतही थरथरून राह्यली!"

"काही नाई," दौलतराव पुन्हा सभेच्या आवाजात म्हणाले. "हवा व्हती. काढली."

त्यांच्या मागे दोरीवर नुकतेच वाळत घातलेले ते तीन कपडे टपटप गळत होते. लिलाबाई हळूच सरकल्या आणि बनियनासमोर उभ्या राहिल्या. सुकेशनी लुगड्याच्या तुकड्यासमोर जाऊन उभी राहिली. लंगोट तसाच उघडा राहिला. लेकरवाळ्या घरात दोरीवर लंगोट दिसला तर त्याला कोण काय म्हणणार?