नवी पेठेतले कप्तानसाहेब

“रविवारी दुपारच्या जेवणाआत मामांचं अख्खं युद्ध मोबाइलमध्ये भरून ठेवते की नाही, बघाच!” शिवलीलानं नवऱ्याला, कुमारला, ठणकावून सांगितलं. शाळेत साठ पोरांना गप्प बसवणारी बाई ती. एका सासऱ्याला बोलतं करणं काय अवघड?

फार अवघड! सासरे गुरुसिद्धप्पा एकाहत्तरच्या लढाईतले जवान. गोष्ट अशी रंगवायचे की चहा गार व्हायचा, पण लढाईतल्या त्या पुलापाशी आले की तोंडाला कुलूप! “फुडचं गुपित हाय. कप्तानसायबाच्या हुकमाबिगर बोलायचं न्हाय.”

पन्नासच्या वर वर्षं झाली, तो हुकूम काही आला नाही. आणि हल्ली मामा एखाद्या सकाळी कुमारलाच विचारायचे, “तू कुणाचा रं?” शिवलीलाला एकच घोर. मामा पूलच विसरले तर मग विचारायचं कुणाला?

“हुकूमच पाहिजे ना? मग हुकूम आणू की!”

ती थेट नवी पेठेत, हुसेनसाबचाचांच्या साड्यांच्या दुकानात. चाचांचा आवाज असा, की त्यांनी “आओ बहन” म्हटलं की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक उठून यायचं!

“चाचा, तुम्ही कप्तान व्हायचं.”

“या अल्ला! बेटी, मी कधी होमगार्डातबी नव्हतो!”

“फोनवर एकच वाक्य. ‘गुरुसिद्धप्पा, बोलो, इजाजत है.’ एवढं म्हटलं की लगेच ठेवून द्या.” मामांचे कान मंद, त्यामुळं आवाज ओळखला जायची भीती नव्हती.

रविवारी दहाला तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो मामांपुढं ठेवला. ठरल्याप्रमाणे त्याच मोबाइलवर फोन वाजला. “मामा! तुमचे कप्तानसाहेब!”

मामा ताडकन उठले. गुडघेदुखी कुठल्या कुठं पळाली! टोपी सरळ केली, खाडकन सलाम ठोकला. “जय हिंद साब!” मग फोनवर हात ठेवून वळले. “गुपित बातमी हाय. सगळे भायेर!”

“अहो मामा, पण...”

“भायेर!” आणि आतून कडी!

“असू द्या,” शिवलीला कुमारच्या कानात कुजबुजली. “रेकॉर्डिंग चालूच आहे!” आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

पाच मिनिटं झाली. वीस झाली. आतून “हां साब”, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग चक्क हुंदका!

“एकच वाक्य सांगितलं होतंस ना?” कुमार दाराला कान लावून म्हणाला.

दार उघडलं. डोळे ओले, छाती पुढं. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मामांचा असा चेहरा शिवलीलानं कधी पाहिला नव्हता. “लई हलकं वाटतंय बग, पोरी. भाकरी वाढ.” शेंगाचटणीबरोबर अडीच भाकऱ्या हाणून मामा घोरायलाही लागले.

तिनं लगेच रेकॉर्डिंग लावलं. अकरा सेकंद! “मामा! तुमचे कप्तानसाहेब!” संपलं. फोन घेतला की रेकॉर्डिंग बंद पडतं, हे बाईंना कुठं ठाऊक!

रिक्षा करून ती नवी पेठेत पोचली. चाचा साड्यांच्या ढिगात बसून रुमालानं डोळे पुसत होते. गिऱ्हाइकं ताटकळली होती.

“चाचा, पुलावर काय झालं?”

“क्या बोलू, बेटी! असा माणूस रोज माझ्या दुकानापुढनं जातो, नि मी त्याला नुसतं ‘अण्णा, चाय घेणार का’ विचारतो!”

“अहो, झालं काय ते सांगा की!”

“न्हाई सांगता येत. सुरुवातीलाच म्हणाले, ‘साब, तुमीबी कुणाला बोलू नका.’ मी जबान दिली.”

“तुम्ही कुठले कप्तान!”

“कप्तान झूटा असंल, बेटी. जबान खरी हाय.”

शिवलीला दुकानाच्या पायरीवर टेकली. “बरं, राहू दे. तुम्ही इजाजत तर दिलीत ना? मी मामांनाच विचारते.”

चाचा साडीची घडी घालू लागले. नजर काही वर येईना.

“त्याचं काय झालं बेटी... ऐकता ऐकता मी पार कप्तानच झालो. आणि शेवटी तोंडातनं निघून गेलं...”

“काय?”

“‘शाबास, गुरुसिद्धप्पा! मरते दम तक किसी को बोलना नहीं!’”