गुलाबी गोठा

काकूंनी त्या महिन्यात कुणाच्याही कामाला नावं न ठेवण्याचं व्रत धरलं होतं. पंचवीस दिवस सुरळीत गेले. घरात फारसं कुणी काम करत नाही हे त्यामागचं खरं कारण. काकू मात्र श्रेय आपल्या साधनेला देत. सव्विसाव्या दिवशी फिरते रंगारी आले.

दोघे भाऊ शिडी बांधलेल्या गाडीतून शेताशेतांवरच्या इमारती रंगवत हिंडत. काका कामाला बाहेर पडताना काकूंना बजावून गेले होते, "फक्त गोठा. विटकरी लाल. संध्याकाळच्या धारेआधी आटपू दे. आणि तोंड उघड जरा!"

थोरल्या रंगाऱ्याने भिंतीवर एक गुलाबी पट्टा ओढला. "एका शाळेचा उरलाय, काकू. कसा वाटतो?"

'भडक' हा शब्द काकूंच्या अगदी जिभेवर आला. त्यांनी तो गिळला. "प्रसन्न आहे हो."

"धाकट्या, ऐकलंस? प्रसन्न!"

दुपारपर्यंत चारही भिंती प्रसन्न झाल्या. काकू चहा घेऊन गेल्या. "हे म्हणत होते, लालही बरा दिसतो..."

"दिसतो की. पण तुम्हाला हा आवडलाय ना?"

"तुमचा हात फार सफाईदार आहे," काकू म्हणाल्या. एवढ्यावर रंगाऱ्यांनी कोंबड्यांचं खुराडंही फुकटात गुलाबी केलं. मग पंपघर. काकूंनी आत जाऊन हात जोडले, "देवा, तूच काय ते बोल त्यांना." देवाने मनावर घेतलं नाही.

गाईंनी मात्र कसलंच व्रत घेतलं नव्हतं. धारेच्या वेळी त्या दाराशी आल्या, थबकल्या आणि हंबरू लागल्या. काकूंनी चुचकारलं, ओढलं. एक खूर आत पडेना. थोरली गाय तर सरळ माघारी फिरून रस्त्याला लागली. तेवढ्यात लांबून काकांच्या गाडीचा आवाज आला आणि काकूंचा बांध फुटला.

"वाईट आहे हो हा रंग! मेला डोळ्यांत खुपतो! गाईसुद्धा तोंड फिरवताहेत!"

थोरल्याने ब्रश खाली ठेवला. आता हा रडतो की काय, असं काकूंना वाटलं.

"सुटलो बघा," तो म्हणाला. "सकाळपासून मला शिसारी आलीये. पण म्हटलं, काकू एवढ्या खूश आहेत, त्यांचं मन कसं मोडायचं? धाकट्या, लाल काढ रे!"

"लाल होता?"

"चांगले दोन डबे."

तोवर काका फाटकातून आत आले. त्यांनी गोठा पाहिला, खुराडं पाहिलं, पंपघर पाहिलं आणि सावकाश काकूंकडे वळले.

"आधी गाय धरून आणा," काकू म्हणाल्या, "नावं मागाहून ठेवा."