एअरब्रशची पितळी टोपी

पाच मिनिटं रंग मारायचा आणि पाऊण तास एअरब्रश साफ करत बसायचं, ही पिलाजीरावांची पद्धत. पस्तीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स केलेला माणूस, रिटायर झाला म्हणून सुधारतो थोडाच! त्यामुळे दोन महिने झाले तरी त्यांच्या अडीच इंची घोडेस्वाराचा चेहरा आणि फेटा रंगवायचा राहिलाच होता.

हा स्वार म्हणजे त्यांचे आजोबा, बडोद्याच्या जुन्या रिसाल्यातले. पिलाजीरावांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरात एकच फोटो, तोही विटलेला. आजोबांना पाहिलेलं आता एकच माणूस उरलं होतं, बडोद्यातच वाडी भागात राहणारी त्यांची थोरली चुलत बहीण, आक्का. उद्या तिला ऐंशी पूर्ण होणार होती. तिनं स्वार हातात घेऊन "हो रे, हेच ते" म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

सकाळी एअरब्रश खोलून सगळे भाग थिनरच्या वाटीत भिजत घातले आणि ते आंघोळीला गेले. येऊन पुसून जोडायला बसले, तर टोकाची पितळी टोपी गायब. वस्तू हरभऱ्याएवढी, पण तिच्याशिवाय एअरब्रश फवारत नाही, नुसता थुंकतो. त्यांनी टेबल सरकवलं, केरसुणी झटकली, शेवटी बेसिनचा पाइपही उघडला.

"अहो, हे काय मांडलंय?" मृदुलाबाई पाण्यातून वाट काढत आल्या.

"तू त्या वाटीला हात लावलास?"

"लावला ने! ओट्यावरच तर ठेवली होती तुम्ही. मी देव उजळत होते, त्यातच घासली. बरं झालं, बाळकृष्णाचा मुकुट दिवाळीपासून मिळत नव्हता, तो त्यात निघाला."

पिलाजीराव देव्हाऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. चिंचेनं लखलखीत झालेली टोपी बाळकृष्णाच्या डोक्यावर अगदी मापात बसली होती.

"मृदुला, हा माझा पार्ट आहे."

"असेल. पण पूजा झाली ना आता. देवाच्या डोक्यावरचं उतरवून त्यातनं रंग उडवणार तुम्ही?"

पिलाजीरावांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. चालू मशीनचं झाकण त्यांनी जन्मात कधी काढलं नव्हतं. त्यांनी दुकानात फोन लावला.

"अंकल, ए तो मुंबईथी मंगाववुं पडशे. पांच दिवस," दुकानदार म्हणाला. पार्ट पाच दिवसांनी येणार, आणि आक्काचा वाढदिवस तर उद्याच.

"मग साध्या ब्रशनं रंगवा की," मृदुलाबाई म्हणाल्या.

"हात थरथरतो गं माझा. म्हणून तर हे यंत्र घेतलं." हे त्यांनी बायकोलाही आजवर सांगितलं नव्हतं. मृदुलाबाईंनी खुर्ची ओढली आणि त्या घोडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या.

तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं ते एवढंच, की फेट्याचा रंग खाली उतरून फेटा थेट उजव्या कानावर घसरल्यासारखा दिसू लागला. पिलाजीरावांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी आक्कानं स्वार खिडकीशी नेला, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"फेटा बिघडलाय, आक्का," पिलाजीराव घाईनं म्हणाले. "हात हलला माझा. आठवड्यात नीट करून आणतो."

"खबरदार हात लावलास तर," आक्का म्हणाली. "आजोबांना जन्मभर फेटा धड बांधता आला नाही. सारखा ह्याच कानावर यायचा. फोटोवाल्यानं बांधून दिला, म्हणून फोटोत ते मला कधी ओळखूच आले नाहीत."

औक्षणाला बसवलं तरी आक्कानं स्वार धरलेली उजवी मूठ काही सोडली नाही. सुपारी तिनं डाव्या हातात घेतली.