गांगुर्ड्यांची कॅसेट

आमच्या इंदिरानगरात भेट देऊन वर तोंडी परीक्षा घेणारा माणूस एकच, दिनकरराव गांगुर्डे. भेट म्हणजे त्यांच्या जॅझची कॅसेट. कव्हरवर सॅक्सोफोन फुंकणारे स्वतः गांगुर्डे, गाल टम्म फुगलेले. मागे ड्रम आणि गिटार घेऊन देवळालीचे दोन मित्र. कॅसेट दिली की आठवड्याभरात दारात हजर. "ऐकलीत, का नुसती वाजवलीत?" ड्रम कुठे थांबतो हे सांगता आलं नाही, तर चहा न घेता चालते व्हायचे.

दिवसा सरकारी कचेरीत कारकून आणि लग्नसराईत बँडमध्ये. वरातीत मध्येच सूर असा काही वळवायचे, की नाचणाऱ्यांना पाय कुठे टाकावा कळेना. बँडमालक शिव्या द्यायचा आणि पुढच्या लग्नाला पुन्हा यांनाच बोलवायचा. एवढा दम दुसऱ्या कुणाच्या छातीत नव्हता.

एका रविवारी मात्र गांगुर्डे घरोघर हिंडून कॅसेटी परत मागू लागले. मुलीचं, शैलाचं, लग्न जुळत होतं. मुलगा बँकेत, माणसं मालेगावची, चौकशीला येणार. मध्यस्थाने बजावलं होतं, कारकुनाची मुलगी चालेल, बँडवाल्याची चालणार नाही.

"तेवढं कव्हर कुणाच्या नजरेला पडायला नको, भाऊ," ते मला म्हणाले.

मला संताप आला. मालेगावकरांचा, त्या मध्यस्थाचा, आणि पिशवी उघडून दारात उभ्या राहिलेल्या या माणसाचाही. शेजारच्या कुलकर्ण्यांनी तर कॅसेटवर आरत्या भरून घेतल्या होत्या. तिथून गांगुर्ड्यांनी फक्त कव्हर नेलं. आरत्यांचा धोका नाही म्हणाले.

लग्न झालं. बँड वरपक्षाने मालेगावहून आणला होता. अक्षता पडल्या, दोन-तीन सिनेमाची गाणी झाली, आणि त्यांच्या सॅक्सोफोनवाल्याने एकदम गांगुर्ड्यांची धून धरली. कॅसेट तिथवर कशी पोचली कोण जाणे, पण एक वळण चुकलं नाही. आमच्या अख्ख्या कॉलनीने जे धड ऐकलं नाही, ते या परक्या माणसाने पाठ केलं होतं.

व्याही खूश झाले. गांगुर्ड्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "लय भारी वाजवतो हां. कोणत्या पिच्चरचं हाय हो हे?"

शैला हार घालून समोरच उभी होती. बापाकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"असेल कुठल्यातरी पिक्चरचं," गांगुर्डे म्हणाले. "आमच्या घरात गाण्यातलं कुणाला काही कळत नाही."