मनू भिणार नाही असं जनावर

आमच्या कॉलनीत लग्नाची पत्रिका आली की आधी मोबाइलवर तिचा फोटो काढतात आणि मग ती वाचतात. कारण संध्याकाळपर्यंत त्या पत्रिकेचा हत्ती झालेला असतो.

हे काम शेजारच्या गुणवंतभाऊंचं. ते गप्पा मारायला येतात, टीपॉयवरची पत्रिका उचलतात, बोटांत चोळून बघतात, "कागद चांगला हाय बावा," म्हणतात आणि शर्टाच्या खिशातून कैची काढतात. तेवढ्यात तुम्ही चहा सांगायला आत गेलात तर गेलातच. बाहेर येईपर्यंत वधूपित्याला सोंड फुटलेली असते.

गेल्या वर्षी दर्यापूरच्या एका लग्नाला आम्ही सहकुटुंब गेलो ते ससा घेऊन. मंगल कार्यालयाचं नाव सशाच्या दोन कानांत विभागून गेलेलं, आणि त्यातला एक कान कुणा पोराने खेळता खेळता उपटलेला. उरलेल्या कानाच्या आधाराने आम्ही कार्यालय शोधलं. जेवलो, आहेर दिला, स्टेजवर फोटो काढला. वरणात मीठ कमी आहे म्हणून मी तक्रार केली, तेव्हा मुलीच्या काकांनी हात जोडून माझी माफी मागितली. घरी परतल्यावर कळलं की आमचं लग्न पलीकडच्या गल्लीत होतं.

एक मात्र खरं, पत्रिकेवरचा गणपती गुणवंतभाऊ कापत नाहीत. तो अलगद वेगळा काढून मिठाईच्या डब्यात ठेवतात. त्यांच्या पत्नी शांतावहिनी म्हणतात, "आमच्या घरी माणसं दोन अन् गणपती अडीचशे."

गुणवंतभाऊंची सगळी नोकरी नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत, कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून झाली. निवृत्त झाले, पण हाताला ते कुणी सांगितलंच नाही. हाताला नाही आणि पायालाही नाही. हा माणूस एका जागी बसलेला मी पाहिलेला नाही. जेवताना पाणी आणायला उठतात, पाणी प्यायला बसायचं विसरून अंगणात जातात, अंगणातून पेरूची पानं घेऊन येतात आणि पानाचा मासा कापता कापता विचारतात, "म्या जेवलो काय वं?" टीव्ही उभ्याने बघतात. न्हाव्याने त्यांच्यासाठी वेगळा दर ठेवलाय म्हणतात, फिरत्या गिऱ्हाइकाचा.

दर रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर लहान मुलांचा वर्ग भरतो. फी नाही, हजेरी नाही. मुलांनी घरून फक्त एक वाटी आणायची. वाटी कागदावर उपडी ठेवायची, भोवती पेन्सिल फिरवायची, झालं मांजरीचं डोकं. अर्धी वाटी फिरवली की कासव. दोन वाट्या एकमेकींना चिकटवल्या की डुक्कर, आणि त्याच डुकराला लांब मान लावली की बदक. "जनावर वाटीतच राह्यते, आपण फक्त बाहेर काढाचं," असं ते सांगतात. कापायचा नियम एकच: कैची उभी, कागद फिरता. मुलं कागद फिरवत असतात आणि गुणवंतभाऊ मुलांभोवती. कुणी नाक खाजवायला थांबलं की लगेच, "काहून थांबला बे? हत्ती अर्धा राह्यला ना!"

एकदा एका पोराने कुत्र्याला पाच पाय काढले.

"पाचवा कायले?" भाऊंनी विचारलं.

"एखादा थकला तर."

भाऊंनी विचार केला. "बरोबर हाय. ठेव."

वर्ग सुटला की पोरं त्यांच्या अंगावर चढतात. एक पाठीवर, दोन दंडाला, एक पायाला. तशी लोंबणारी पोरं घेऊन ते कॉलनीभर चक्कर मारतात आणि ज्याचं त्याचं पोर ज्याच्या त्याच्या दारात उतरवतात.

अशा माणसाला स्वतःची नात भिते.

मनू त्यांच्या मुलीची, रेखाची, मुलगी. राहायला अकोल्याला. दोन-अडीच वर्षांची असताना आजोबांनी तिच्यासाठी पुठ्ठ्याचा वाघाचा मुखवटा करून तिकडे नेला. मिशांना खराट्याच्या काड्या, डोळ्यांना बाटलीची झाकणं. इथपर्यंत ठीक होतं. पण गुणवंतभाऊंनी तो मुखवटा तोंडावर चढवला, दारामागे लपले आणि मनू खेळत खेळत आली तशी डरकाळी फोडून उडी मारली. खालच्या मजल्यावरचे लोक वर धावत आले. मनू त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रडली आणि तेव्हापासून आबा दिसले की पलंगाखाली.

भाऊ दर महिन्याला नवं जनावर घेऊन अकोल्याला जात होते. हरीण नेलं, मोर नेला, उघडमिट करणाऱ्या चोचीचा कावळा नेला. मनूने एकालाही हात लावला नाही.

"कॉलनीतले झाडून पोट्टे माह्या अंगावर नाचतात," एकदा ते मला म्हणाले, "अन् घरची एक पोट्टी मले पाहून पलंगाखाली जाते. मजा हाय का नाही, दिलीपभाऊ?" हसत होते. हातातली कैची मात्र मधे कागद नसताना नुसतीच चालत होती.

मग जावयाची बदली झाली, बंगलोरला. महिनाअखेर सामान हलणार होतं. पुढच्या रविवारी भाऊंनी वर्गात कैच्या वाटल्याच नाहीत.

"आज कापाचं नाही. आज डोकं चालवाचं. असं कोन्तं जनावर हाय, ज्याले पाहून कोनालेच भेव लागत नाही?"

"ससा!"

"ससा चावते. मले चावला."

"मुंगी!"

"मुंगी तं चावतेच बे!"

"आबा, माही आजी," एक जण म्हणाला. त्याला बाद करण्यात आलं.

शेवटी मत पडलं गोगलगाईवर. ती धावत नाही, ओरडत नाही, आणि आपण भ्यायच्या आत तीच आत जाते. भाऊंना हे इतकं पटलं की दोन दिवसांत त्यांनी गोगलगाईंचा कळप केला. कागदाची लांब पट्टी पेन्सिलीवर गुंडाळायची, सोडायची, शंख तयार. त्यातली सगळ्यात गरीब दिसणारी निवडली.

मला अकोल्याला बहिणीकडे जायचंच होतं, म्हणून मी त्यांना गाडीत घेतलं. ही चूक होती. बडनेरा यायच्या आत त्यांनी सीट तीनदा पुढे-मागे केली. मूर्तिजापूरला त्यांना गोगलगाईची शिंगं टोकदार वाटली, म्हणून गाडी थांबवून ती गोल केली. बोरगाव मंजूला आवाजाची तालीम सुरू झाली.

"मनूऽ, पाह्य मी काय आनलं! हा आवाज कसा वाटते?"

"मोठा."

"अन् हा?" घसा बसलेल्या कोंबड्यासारखा एक आवाज आला.

"भाऊ, तुम्ही बोलूच नका."

"नाही बोललो तं तिले कसं समजन, मी आलो म्हनून?"

रेखाचं घर खोक्यांनी भरलेलं. निम्मं सामान बांधून झालेलं. गुणवंतभाऊ चवड्यांवर चालत आत शिरले. एवढा उंच माणूस चवड्यांवर चालत आला तर मीही भ्यालो असतो. तळहातावर गोगलगाय, चेहऱ्यावर भयंकर गोड हसू. मनूने एकदाच पाहिलं आणि ती पलंगाखाली गेली.

भाऊ जमिनीवर आडवे झाले. गोगलगाय फरशीवर ठेवून त्यांनी ती केरसुणीने हळूहळू आत सरकवली. मग आतून भोकाड.

"बाबा, राहू द्या ना," रेखा म्हणाली. "जबरदस्तीनं होते काय हे?"

"जबरदस्ती कुठं करून राह्यलो? गोगलगाय हाय वं ते!"

"समजलं. पन उठा आता."

ते उठले. शर्टाला धूळ लागलेली, ती त्यांनी झटकली नाही. खोक्यांच्या मधे एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर जाऊन बसले. "तुमचा चहा झाला की निंघू, दिलीपभाऊ," म्हणाले, आणि मान मागे टाकून डोळे मिटले. दोन्ही हात मांडीवर. कैची खिशातच राहिली.

प्रवासाने थकले असतील, झोप लागली असेल, असं मला वाटलं. रेखा चहा ठेवायला आत गेली, मी बसून राहिलो.

थोड्या वेळाने पलंगाखालून आधी एक पाय आला, मग मनू. हातात खोक्यांवर नावं टाकायचं जाडं मार्कर पेन. खुर्चीपासून हातभर अंतरावर ती थांबली. आबा हलले नाहीत. आणखी जवळ आली. पेनाच्या टोपणाने त्यांच्या गुडघ्याला टोचून पाहिलं. आबा हलले नाहीत.

मग तिने टोपण काढलं आणि त्यांच्या उजव्या हातावर गोल काढला. गोलाला दोन कान. मिशा मनगटापर्यंत गेल्या. जीभ थोडी बाहेर काढून ती मनापासून काढत होती. एक माशी येऊन भाऊंच्या नाकावर बसली, कपाळापर्यंत फिरून आली, परत नाकावर बसली. मी त्या माशीकडे बघत होतो, आणि तेव्हा मला दिसलं की मिटलेल्या पापण्या सारख्या थरथरतायत. हा माणूस झोपलेला नव्हता. बसलेला होता.

रेखा चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मनूने तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

मांजर कोपरापर्यंत पोचली, तिला चार पाय झाले, शेपूट झालं. उजव्या हातावर जागा उरली नाही. मनूने इकडेतिकडे पाहिलं, खुर्चीला वळसा घातला आणि हळूच म्हणाली, "आबा, आता तो हात."

गुणवंतभाऊंनी डोळे उघडले नाहीत. डावा हात मांडीवरून उचलला, आणि रेखाच्या हातातला चहा निवून जाईल इतक्या सावकाश तो तिच्यापुढे उताणा केला.