सहपत्र : गोधड्या

तो फोन चांगला चालत होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण नाहीतर माझी बायको शीला सांगेल आणि ती तिखटमीठ लावून सांगेल.

झालं असं की, आमच्या बाभुळगावच्या कॉलेजात एका प्राध्यापकांकडे नवा फोन आला. (मी त्याच कॉलेजात वरिष्ठ लिपिक आहे. म्हणजे ऑफिसातला पंखा माझ्या डोक्यावर आहे, बाकी काही नाही.) त्यांच्या फोनवर सगळं कसं सुळसुळ सरकायचं. माझ्या फोनला मात्र कंपनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती द्यायला तयारच नव्हती. मला पुन्हा एकदा प्रमोशन नाकारल्यासारखं वाटलं. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं, कंपनी देत नसली तरी जगात काही हौशी लोक आहेत, ते स्वतःच नवी आवृत्ती तयार करतात आणि फुकट वाटतात. फुकट हा शब्द वाचला की माझा विवेक रजेवर जातो.

आता फोन एकट्या माझा असता तर प्रश्न नव्हता. पण त्यात शीलाच्या गोधड्या होत्या. त्या वर्षी कापसाचा भाव असा पडला होता की बाजारात कोणी कापसाचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे. तेव्हा शीलानं गल्लीतल्या बायांना गोळा केलं आणि गोधड्या शिवायला घेतल्या. मथुराबाईनं तर पदर खोचून जाहीरच केलं, "कापूस कोनी घेत नाई त नाई बाप्पा, आपन ऊब इकू!" नागपूरला मोठं प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या विमलताईंकडे शनिवारी संध्याकाळपर्यंत गोधड्यांचे फोटो मेल करायचे, पसंत पडले तर स्टॉल. सगळ्या बाया हिवाळाभर टाके घालत होत्या ते या एका मेलसाठी. फोटो माझ्या फोनमध्ये, मेल माझ्या फोनमध्ये आणि शनिवारी दुपारी फोन घेऊन मी जफरच्या दुकानात.

जफरचं बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस लाख मोलाचा, फक्त नाही म्हणायला शिकलेला नाही.

"जफरभाई, असं काम आधी केलं का कधी?"

"केलं ना भाऊ. मामू के लडके का किया था."

"मग?"

"मग काय, त्यानं नवा फोन घेतला."

यातला इशारा मला आज कळतो. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "वा! मग होऊन जाऊ दे."

जफरनं फोन कॉम्प्युटरला जोडला. एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. पट्टी सरकली की आम्ही खूश, थांबली की जफर "या अल्ला" म्हणायचा आणि मी त्याला चहा सांगायचो. शेवटी फोन काळा पडला, थरथरला आणि एकदम उजळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण पडद्यावर जी अक्षरं आली ती आम्ही दोघांनी जन्मात पाहिली नव्हती.

"ही कोणती भाषा हो?"

जफरनं फोन उलटासुलटा करून पाहिला. "उर्दू नाई, एवढं पक्कं सांगतो."

मग अंदाजपंचे बटणं दाबत दाबत एकदाची मराठी सापडली. मी फोटो उघडायला गेलो. फोटोंच्या जागी स्वच्छ, पांढरी, शांत जागा होती.

"जफरभाई, फोटो?"

"फोन नवा करून पाह्यजे होता न तुम्हाले? आता नव्या फोनमधी जुने फोटू कुठून येतीन?"

मी घरी पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. शीला दारातच उभी होती.

"पाठवले का फोटू?"

"त्याचं काय झालं, मी फोन अपग्रेड केला."

"बरं. मंग फोटू?"

"तेही... अपग्रेडमध्ये गेले."

शीला ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "चालता फोन कायले हात लावला जी तुम्ही? त्या बायाईले मी काय सांगू?" मीच म्हटलं, अजून उजेड आहे, पुन्हा काढू. अंगणात दोरी होती, पण दोरीवर गोधडीला घडी पडते. म्हणून मी स्टुलावर उभा राहिलो, हात वर केले आणि गोधडी धरली. मी पूर्ण तिच्यामागे. शीला समोरून हुकूम सोडत होती, "डावा हात वर! हालू नका! खोकू नका!" प्रत्येक गोधडी अशी धरली. शेवटी माझे खांदे राजीनामा द्यायला आले होते.

मग मेल उघडला आणि माझं डोकंच फिरलं. मेलवाल्या कंपनीनं नेमकं त्याच आठवड्यात सगळं रूप बदललेलं. जिथे सरळ शब्द होते तिथे चित्रं. 'पाठवा' गायब, त्याच्या जागी कागदाचं विमान. 'मागे' गायब, तिथे एक वाकडा बाण. चित्र बघून अर्थ ओळखायला मी काय बालवाडीत आहे? सरकारी पगार घेणाऱ्या माणसाचा अपमान झाला की तो लेखी तक्रार करतो. मी आधी कंपनीला पत्र ठोकलं.

"अवो, आधी फोटू पाठवा!" शीला आतून ओरडली.

"हे काय, पाठवूनच राह्यलो!"

आता आमच्या ऑफिसची एक पद्धत सांगतो. आम्ही नवं पत्र कधी लिहीत नाही. आधीचं पत्र काढायचं, वरचं नाव बदलायचं, विषय बदलायचा, सहपत्र जोडायचं, की झालं नवं पत्र. साहेबही शेवटपर्यंत वाचत नाहीत. मीही तेच केलं. कंपनीचं पत्र काढलं, नाव बदललं, विषय बदलला, फोटो जोडले आणि विमान उडवलं. मजकूर बदलायचा राहिला, हे मला चहा पिताना कळलं. तोवर विमान नागपुरात उतरलं होतं.

विमलताईंना गेलेलं पत्र असं :

'विषय : गोधड्यांचे फोटो सादर करणेबाबत. महोदया, आपण जे नवीन काम केले आहे ते पाहून डोळे दुखतात. कुठे सुरू होते आणि कुठे संपते काही कळत नाही. वापरणाऱ्याचा विचार न करता केवळ हौस म्हणून केलेले दिसते. माझी पत्नी तर याकडे बघायलाही तयार नाही. तरी हे तातडीने मागे घ्यावे. सहपत्र : गोधड्या.'

मी शीलाला सांगायला तोंड उघडतच होतो, तेवढ्यात फोन वाजला. विमलताई! शीलानं फोन माझ्या हातातून ओढला. मी भिंतीला टेकलो.

"शीलाताई, तुमच्या मिस्टरांचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं," पलीकडून आवाज आला. "काय हो नावं ठेवलीत त्यांनी! जो तो लिहितो, आमचाच माल एक नंबर. आम्ही म्हटलं, एवढं वाईट असतं तरी काय, बघू तर खरं. मुद्दाम फोटो मोठे करून पाहिले. एक टाका वाकडा नाही हो! घरच्या माणसाला किंमत नसते, हेच खरं. स्टॉल तुम्हाला दिला. आणि हो, फोटोत गोधडी ज्याला लावली आहे ना, तो स्टँड सोबत आणा. इथे स्टँड कमी पडतात."

"आनतो न ताई," शीला म्हणाली, "घरचाच हाय."

त्या रात्री गल्लीत साखर वाटली गेली. मथुराबाईनं माझ्या तोंडात चिमूटभर जास्तच कोंबली, बहुधा मी बोलू नये म्हणून.

नागपुरात गोधड्या हातोहात खपल्या. बायांचे चेहरे असे फुलले होते की दिवसभर स्टॉलवर गोधडी धरून उभं राहून माझे हात भरून आले तरी मला काही वाटलं नाही. शेवटच्या दिवशी एक बाई आल्या, गोधडीवरून हात फिरवला, किंमत विचारली आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे?"

शीलानं मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. "हे गोधडीवर फुकट हाय."

बाईंनी थोडा विचार केला. मग गोधडीचे पैसे दिले, गोधडी काखेत मारली आणि निघून गेल्या.